फर्मेंटर क्रमांक चार

रात्रपाळीला नंदेसरीत बाहेर अमोनियाची हवा,
आणि आमच्या हॉलमध्ये भिजलेल्या पावाची.
पाच हजार लिटरच्या पोटात यीस्ट साखर खातंय.
त्यातून काविळीची लस होईल तेव्हा होईल,
सध्या नुसतं खातंय.
आत डोकावायची सोय नाही.
जी आहे ती चार काठ्यांची:
एक ताप सांगते, एक आंबटपणा,
एक फेस वर आला की बोंबलते,
आणि चौथी, सगळ्यांत नाजूक,
टोकाला कांद्याच्या पापुद्र्याएवढा पडदा असलेली,
रसात विरघळलेला प्राणवायू मोजते.

नवीन होते तेव्हा रमणिकभाई म्हणाले होते,
"घोरपडेबेन, आकडा तो कोई बी वाचे.
एनी ध्रुजारी वाचो."
सदतीस आठ. अडतीस एक. सदतीस नऊ.
मी मान डोलावली आणि वहीत रकाने आखले.

तीन दहाला अडतीस.
तीन वीसला अडतीस.
साडेतीनला अडतीस, पुढे पॉइंट शून्य.
पडद्यावर हिरवी रेघ, पट्टी ठेवून मारलेली.
कॉम्प्युटर खूश:
अडतीस ठेव म्हणालात, अडतीस आहे,
मग रवी कशाला जोरात फिरवू?
अलार्म नाही, लाल काही नाही.
इशाऱ्यांच्या रिकाम्या चौकोनात माझाच चेहरा, जांभई देणारा.

विश्वामित्रीच्या पुलावरून बस जाते तेव्हा
मी मगरी मोजते.
एक नेहमी त्याच गाळात, त्याच कोनात.
पोरं खडे मारतात, म्हणतात मेली.
पुन्हा मारतात, पुन्हा म्हणतात मेली.
एकदा एक कुत्रं पाण्यावर उतरलं होतं.
त्यानंतर मी सपाट, शांत गोष्टींकडे
जरा जास्त वेळ बघते.

शिडी चढून वर गेले.
एक्झॉस्टच्या नळीपाशी नाक नेलं.
ऊन ऊन, गोडसर, घशाला चावणारा वास.
उभा जन्म गुजरातेत, दारूबंदीत,
मला हा वास कुठून ठाऊक?
चुलतभावाच्या लग्नात मिरजेचे पाहुणे आले होते,
त्यांच्या रुमालांना होता.
श्वास कमी पडला की यीस्ट दारू करायला लागतं.
आत कोणीतरी गुदमरत होतं
आणि काठी सांगत होती, अडतीस.

किल्ली ऑटोवरून मॅन्युअलवर.
दोनशे वीसचे तीनशे दहा फेरे.
हवेचा व्हॉल्व्ह पाव आटा उघडला, मग अजून थोडा.
पोलादाचा आवाज बदलला, पायाखालची जाळी थरथरली.
दर पाच मिनिटांनी वर जाऊन हुंगत होते,
कोणी पाहिलं असतं तर अर्जच गेला असता वर.
पाऊण तासाने वास ओसरला.
पुन्हा पाव. नुसता भिजलेला पाव.
पडद्यावर या सगळ्याचं काही नाही.
तिथे अडतीस पॉइंट शून्य,
आधीही, नंतरही.

सकाळी भार्गवसरांनी आलेख मागे सरकवला.
"तीन एक्केचाळीसला हात का घातलात?
लाइन तर एकदम स्टेडी आहे."
"म्हणूनच," मी म्हणाले.
कारण निवडायच्या यादीत आठ कारणं आहेत.
वीज आहे, पाणी आहे, वरिष्ठांची सूचना आहे.
नाक नाही.
मी 'इतर' वर टिचकी मारली.

बॅच उतरल्यावर काठी बाहेर काढली.
पापुद्र्यावर करड्या सायीचा थर,
मोतीबिंदू झालेल्या डोळ्यावर असतो तसा.
सरांनी ती पुसली, बाटलीत उभी केली,
चिठ्ठीवर लिहिलं: प्रोबदोष.
अक्षर सुरेख आहे त्यांचं.

परत येताना बस पुलावर अडकली.
खिडकीतून वाकून बघितलं.
मगर जागेवर नव्हती.
गाळात फक्त तिच्या पोटाची खूण,
लांब, गुळगुळीत,
आणि कडेला पाणी हलत होतं.